फटफटीचा आवाज

मोटारसायकलला आपल्याकडे ‘फटफटी’ म्हणतात. नाव आवाजावरूनच पडले. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या देवळीसारख्या गावांत गाडी दिसण्याआधी ऐकू यायची. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनू लागली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा. जावाला दोन बाजूंना दोन सायलेन्सर. जाणकार दोन्ही गाड्या कानानेच ओळखत. पण तो आवाज सायलेन्सर बसवूनही उरलेला होता. मुद्दाम विकत घेतलेला नव्हता.

आता ‘स्लिप-ऑन’ मिळतो. इंजिनाकडचा बेंड पाइप तसाच ठेवायचा, मागचा सायलेन्सर काढून नवा सरकवायचा आणि क्लॅम्प आवळायचा. त्यातल्या अनेकांत आवाज दाबणारे पडदे कमी असतात, म्हणून गाडी गरजते.

कायद्याला हे मान्य नाही. १७५ सीसीवरील नव्या दुचाकीला २००५ पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आवाजाच्या गुन्ह्याचा दंड १० हजार रुपयांपर्यंत गेला. नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले.

दंड गाडीवाला भरतो, पाना मात्र मिस्त्रीच्या हातात असतो. गॅरेजचे हे हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे आले आणि आपल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. टॅपेटची बारीक खटखट ओळखणाऱ्या त्या कानाला शेजारच्या घरातला आजारी माणूसही ऐकू यायला हवा. अशा गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे हेही शागिर्दाला शिकवायचे काम आहे.