नाण्यावरचा पूल नेमका कोणता?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक सवय आत्ताच लावून घ्या. ‘दिसतंय काय’ आणि ‘आपण समजतोय काय’ हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. कशासाठी, ते एका रोमन नाण्यावरून बघू.

हे सम्राट ट्रेजनचं सेस्टर्शियस, म्हणजे पितळी नाणं. मागच्या बाजूला एकाच मोठ्या कमानीचा पूल, दोन्ही टोकांना मनोरे, खाली एक होडी. भोवतालच्या मजकुराचा अर्थ : सिनेट आणि रोमन जनतेकडून सर्वोत्तम राज्यकर्त्याला. पुढच्या बाजूला ट्रेजनच्या पाचव्या कॉन्सलपदाचा उल्लेख आहे, म्हणून नाणं इ.स. 103 ते 111 मधलं. पुलाचं नाव मात्र कुठेच नाही. पहिला रकाना इथे संपला.

आता दुसरा. याच काळात ट्रेजनने डेशियाच्या मोहिमेसाठी डॅन्यूब नदीवर प्रचंड पूल बांधून घेतला. स्थपती दमास्कसचा अपोलोडोरस. साहजिकच नाण्यावरचा पूल तोच, असं अनेकांनी मानलं. पण इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो, त्या पुलाला 20 दगडी खांब होते. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावरही दगडी खांबांची रांग आणि वर लाकडी कमानी कोरल्या आहेत. नाण्यावर तर एकच कमान! म्हणून काही अभ्यासक म्हणतात, हा रोममधलाच, टायबर नदीवरचा जुना लाकडी पूल, पॉन्स सब्लिशियस.

मग कमानी मोजून निकाल लावायचा? थांबा. जेमतेम साडेतीन सेंटीमीटरच्या चकतीवर 20 खांब बसवणार कसे? साचा कोरणारे कारागीर काटछाट करायचेच. डोमिशियनच्या 82 सालच्या एका चांदीच्या नाण्यावर, कॅपिटोल पुन्हा उभारल्याचं स्पष्ट लिहूनही, ज्युपिटरच्या मंदिराला चारच खांब दाखवलेत. प्रत्यक्षात दर्शनी बाजूला सहा होते. म्हणजे एका कमानीमुळे डॅन्यूबचा पूल बाद होत नाही, आणि सिद्धही होत नाही.

खरा धोका यापुढे आहे. डॅन्यूबच्या पुलाच्या माहितीवरून नाणं ओळखायचं, आणि मग त्याच नाण्यावरून डॅन्यूबच्या पुलाचे मनोरे कसे होते हे ठरवायचं. हे म्हणजे मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवायचं आणि त्यालाच ताळा म्हणायचं. प्रयोगशाळेत आपण असं चालवून घेत नाही, मग इतिहासात का घ्यावं?

म्हणून या नाण्याच्या चित्राखाली मी एवढंच लिहीन : ‘ट्रेजनकालीन नाणं, एका कमानीचा पूल, डॅन्यूबवरचा असण्याची शक्यता.’ तो ‘शक्यता’ शब्द खोडायचा असेल, तर पुरावा नाण्याबाहेरून आणावा लागेल.