अभ्यास पुण्यात, अंमल तालुक्यात

आर्थिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या आणि सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या महाराष्ट्रातील बहुतेक प्रमुख संस्था मुंबई आणि पुणे या दोन शहरांत आहेत. या शहरांना जोडणारा लोहमार्ग कर्जतवरून, तर द्रुतगती मार्ग खालापूरवरून जातो. मंत्रालयातील अधिकारी प्रशिक्षणासाठी पुण्यास जातात, पुण्याचे अर्थतज्ज्ञ समित्यांच्या बैठकांसाठी मुंबईस येतात, ते याच वाटेने. या वाटेच्या दोन्ही अंगांना ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. संस्थांमध्ये तयार झालेले ज्ञान या वाड्यांपर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

या संस्थांमध्ये सर्वांत जुनी म्हणजे पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. भारत सेवक समाजाने रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ६ जून १९३० रोजी तिची स्थापना केली. (त्याच आठवड्यात, १ जून रोजी, मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली होती. पुढे संस्थेच्या किती अहवालांनी या गाडीने प्रवास केला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.) पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९६६ पर्यंत संस्थेची धुरा वाहिली. ग्रंथालयात बसून सिद्धांत मांडण्यापेक्षा गावात जाऊन कुटुंबागणिक पाहणी करावी, हा त्यांचा आग्रह होता. वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची पाहणी, गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी ही त्या आग्रहाची फळे होत. गाडगीळ केवळ अभ्यासक राहिले नाहीत. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासोबत होते आणि १९६७ ते १९७१ या काळात केंद्रीय नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते.

अशा संस्थेचा सरकारला खरा उपयोग कोणता, याचे उत्तम उदाहरण कूळकायद्याचे आहे. मुंबई राज्याने १९४८ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला. त्याचा अंमल कसा होतो आहे, याची पाहणी वि. म. दांडेकर व जी. जे. खुदानपूर यांनी केली आणि तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्यात संरक्षण असूनही अनेक कुळांनी जमिनी ‘स्वखुशीने’ मालकांना परत केल्याची नोंद दप्तरी होती. ही स्वखुशी कोणत्या प्रकारची होती, हे खोतीच्या प्रदेशातील कुळांना, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना, समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी चरी येथे १९३३ पासून वर्षानुवर्षे शेतीचा संप चालवला होता. अहवालाचे महत्त्व असे की, गावात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्याने सरकारी कागदावर आणली.

दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,२५० उष्मांकांचा आहार हा निकष धरून त्यांनी १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे दाखवले, आणि सार्वजनिक कामांतून रोजगार देणे हा त्यावरील मुख्य उपाय सुचवला. महाराष्ट्रात या विचाराची प्रत्यक्ष चाचणी त्याआधीच झाली होती. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग केला होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशपातळीवरील कायदा त्यानंतर पाव शतकाने, २००५ मध्ये आला.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात मात्र या हमीला एक अडचण कायम राहिली. पाऊस संपून भातकापणी झाली, की कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. काम मंजूर होऊन हजेरीपट सुरू होण्यास उशीर झाला, तर वाडीत मागणी करणारे कोणी उरलेलेच नसते. मग दप्तरी ‘मागणी नाही’ अशी नोंद होते. कूळकायद्यातील ‘स्वखुशी’ची ही धाकटी बहीण म्हणावी लागेल.

अशी नोंद करणारा ग्रामसेवक वा तलाठी शिकतो कुठे? राज्याची या क्षेत्रातील शिखर संस्था म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, अर्थात ‘यशदा’. मुंबईत १९६३ मध्ये प्रशासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था १९८४ मध्ये पुण्यास आली आणि १९९० मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाल्यावर निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांच्या प्रशिक्षणाचे मोठे काम तिच्याकडे आले. राज्याचा २०१२ चा मानव विकास अहवालही तिने तयार केला. याखेरीज पुण्यातच १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. संशोधन आणि प्रशिक्षण ही दोन्ही कामे एका छताखाली असावीत, ही कल्पना तिच्या नावातच आहे. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पण तिचा भर उच्च शिक्षण व संशोधनावर आहे.

कर्जत तालुक्यात स्वतःचे संशोधन झालेच नाही, असे मानण्याचे कारण नाही. येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे असून, आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ या भाताच्या वाणांमुळे तालुक्याचे नाव राज्यभरच्या शेतकऱ्यांना माहीत झाले. कशेळे येथील ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या स्वयंसेवी संस्थेने १९८० च्या दशकात चालवलेला धान्य बँकेचा प्रयोग तर थेट अर्थकारणाचा होता. पावसाळ्यात घरातले धान्य संपले, की आदिवासी कुटुंब सावकाराकडून भात आणते आणि सुगीला ते वाढीव मापाने फेडते. त्याऐवजी वाडीनेच सामाईक साठा करावा, गरजेला उचलावे आणि पीक आल्यावर थोड्या वाढीने परत भरावे, अशी ही साधी रचना होती. केंद्र सरकारनेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली, ती १९९६-९७ मध्ये. कशेळ्यासारख्या ठिकाणी झालेले काम प्रशिक्षणाच्या वर्गात अनुभव म्हणून शिकवले गेले, तर ते कोणत्याही परदेशी उदाहरणापेक्षा प्रशिक्षणार्थींना जवळचे वाटेल, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

अडचण अशी की, अभ्यासातून धोरण होते, धोरणातून वर्गवारी होते, आणि प्रशिक्षणातून खाली पोहोचते ती मुख्यतः वर्गवारी. पंचायत क्षेत्र विस्तार अधिनियम, म्हणजे ‘पेसा’, १९९६ चा. राज्याचे नियम २०१४ चे. त्यानुसार ग्रामसभांना व्यापक अधिकार मिळाले आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचे ठरले. परंतु हे सारे अनुसूचित क्षेत्रासाठी. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे त्या क्षेत्रात आहेत. रायगड जिल्हा नाही. सीमेच्या अलीकडचा ठाकर आणि पलीकडचा ठाकर यांच्या ग्रामसभांचे अधिकार त्यामुळे वेगळे.

जमिनीचेही तसेच आहे. रायगडच्या डोंगरउतारांवर ‘दळी’ नावाचा प्रकार आढळतो. वनखात्याने आदिवासींच्या गटाला कसण्यासाठी दिलेली ही जमीन ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवरील हक्क मान्य केले खरे, पण गटाच्या नावे असलेली दळी दाव्याच्या अर्जात कशी बसवायची, हा प्रश्न राज्यभरासाठी तयार केलेल्या पाठ्यक्रमात सहजी येणारा नव्हे.

आणखी एक आवरण सरासरीचे. दरडोई उत्पन्नात रायगड जिल्हा राज्यात वरच्या क्रमांकांत असतो. त्यामागे पनवेलची वाढ, उरणचे बंदर, खोपोली-रसायनीचे कारखाने आहेत. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या पाहणीत जिल्ह्याचा आकडा येतो, त्यात कर्जतच्या वाड्या बुडून जातात.

यादीत असणे आणि नसणे यांतील अंतर किती भयंकर असू शकते, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री दिसले. खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादी भूगर्भशास्त्रीय पाहणीवर आधारलेली होती. आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घेतलेला तालुक्याचा अधिकारी याच यादीवर लक्ष ठेवून असतो. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ताही नव्हता.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी केंद्राने अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी ‘पीएम-जनमन’ अभियान सुरू केले. देशातील ७५ समूह, सुमारे २४ हजार कोटी रुपयांची तरतूद, आणि घरे, रस्ते, पाणी यांसाठी वस्तीनिहाय माहिती गोळा करण्याचे आदेश, असे त्याचे स्वरूप. वस्ती हा एकक धरल्याने सरासरीत हरवणाऱ्या वाड्या प्रथमच आकड्यांत दिसू लागल्या, ही जमेची बाजू. महाराष्ट्रातील तीन समूह त्यात आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. इरशाळवाडीची वस्ती ठाकरांची होती. ठाकर समाज या यादीत नाही.