बिनतारी लहरी आणि लांबची खोली

वडवणी हें बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. बीडहून परळीकडे जातांना तें वाटेंत लागतें. मराठवाड्यांतील इतर जुन्या गांवांप्रमाणें येथील जुन्या घरांचाही घाट ठरलेला: दगडी पायावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, दाराशीं ढाळज, मध्यें चौक, पलीकडे माजघर, आणि अगदीं आंत, जेथें भर दिवसाही दिवा लावावा लागे अशी एखादी खोली. या सर्वांवर माळवद. बाहेर उन्हानें अंगाची लाही होत असतां आंत गारवा राहावा, चोर आलाच तर भिंत फोडतां फोडतां त्याला उजाडावें, एवढा या बांधणीचा हेतु. आणि तो तिनें पिढ्यान्‌पिढ्या पार पाडला. या भिंतींतून पुढें शाळेचे धडे आरपार न्यावे लागतील, हें त्या गवंड्यांच्या स्वप्नींही नव्हतें.

इंटरनेट हिंदुस्थानांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्य ग्राहकांस खुलें झालें, तें टेलिफोनच्या तारेवरून. त्या तारेचा पाश तोडणारी वायफायची पेटी घरोघर आली ती बरीच मागाहून. तिची उणीव खऱ्या अर्थानें जाणवली ती २०२० सालच्या मार्चपासून. साथीमुळें शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागले. अभ्यासाला शांत जागा म्हणून आंतली खोली निवडावी, तर तेथें लहर पोहोंचत नाहीं. आणि लहर जेथें आहे त्या ढाळजेंत माणसांची वर्दळ. अनेक घरांतील मुलें अशा वेळीं उंबऱ्यावर, चौकांत नाहीं तर गच्चीवर वह्या घेऊन बसलीं. ज्या मुलीला घरकामांतून उसंत मिळे ती याच वर्गाच्या वेळीं, तिचा तास खोलीच्या उंबऱ्याशीं तुटला तर तो पुन्हां भरत नसे.

अशा वेळीं कोणाच्याही मनांत प्रथम येणारा उपाय म्हणजे अधिक जोराची पेटी आणणें. बिनतारी विद्येच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासांत हा विचार पुष्कळांनीं केला, आणि अंतर मोडण्याचें खरें काम पुष्कळदां जोरानें न होतां जागेनें, उंचीनें व दिशेनें झालें, असेंच तो इतिहास सांगतो.

१८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू उडवून दाखविली. बोस यांच्या लहरी फार आखूड होत्या. पुढील प्रयोगांत तर त्या मिलिमीटरांत मोजण्याइतक्या आखूड झाल्या. याच सुमारास इटलींत मार्कोनी लांब लहरींच्या मागें लागला होता. त्याला समुद्र ओलांडावयाचा होता, आणि १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडांतून निघालेला त्याचा संदेश न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाला बांधलेल्या तारेनें टिपला. जगानें मार्कोनीचा मार्ग धरला. परंतु वंशावळ पाहूं गेल्यास आजची घरांतील पेटी मार्कोनीच्या त्या लांब लहरींपेक्षां बोस यांच्या कुळाला अधिक जवळची आहे. तिच्या एका पट्ट्यांतील लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यांतील पांच-सहा सेंटिमीटर.

आखूड लहरीचा स्वभाव प्रकाशासारखा. ती सरळ जाऊं पाहते, धातूवर आपटून परत फिरते, आडोशामागें तिची सावली पडते. बोस यांनीं रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकांत पानांआड कथलाचा वर्ख घालून याच लहरी गाळून दाखविल्या होत्या. जें त्या वर्खानें केलें तेंच आज घरांतील पत्र्याचें कपाट, आरशाची पाठ आणि स्लॅबमधील सळयांची जाळी करीत असते. कोरडी माती त्या मानानें सौम्य. पण भिंत दोन-तीन फूट जाडीची असली आणि पावसाळ्यांत ओल धरून बसली, म्हणजे तीही लहर गिळते. पांच-सहा सेंटिमीटरची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढें आधीं दमते ती तीच. लांबच्या खोलींत साडेबारा सेंटिमीटरची संथ बहीण पुष्कळदां अधिक उपयोगी पडते.

मार्कोनीच्या यशानंतर सुमारें दोन दशकें मोठमोठीं केंद्रें उभारण्याची अहमहमिका चालली. लहर जितकी लांब व यंत्र जितकें बलाढ्य तितका पल्ला मोठा, ही त्या काळची समजूत. ती मोडली तिचा एक दाखला महाराष्ट्रांतच घडला. २३ जुलै १९२७ रोजीं खडकी येथील प्रेषणकेंद्र व दौंड येथील ग्रहणकेंद्र यांच्या साह्यानें इंग्लंडशीं ‘बीम’ पद्धतीचें बिनतारी दळणवळण सुरू झालें. त्यांत लहरी आखूड होत्या आणि चहूंकडे उधळण्याऐवजीं तारांच्या पडद्यानें त्या एकाच दिशेस वळविल्या होत्या. जुन्या राक्षसी केंद्रांच्या मानानें थोड्या शक्तींत काम भागलें. पाठविण्याचें ठिकाण व ऐकण्याचें ठिकाण निराळें ठेवण्यांतही शहाणपण होतें: ज्याच्या कानाशीं नगारा वाजतो त्याला दूरची हांक ऐकूं येत नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच दिवशीं मुंबईचें नभोवाणी केंद्रही सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट. त्यामुळें श्रोत्यालाच खटपट करावी लागे. बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत. हैदराबादची नभोवाणी १९३५ पासूनची; ती व औरंगाबादचें केंद्र १ एप्रिल १९५० रोजीं ऑल इंडिया रेडिओंत सामील झालीं. त्या काळीं ज्याच्या घरीं रेडिओ असे त्यानें घरावर दोन बांबू उभे करून मधून तांब्याची तार ताणलेली असे, आणि दुसरी तार ओल्या मातींत पुरलेली असे. यंत्र दिवाणखान्यांत, पण त्याचा कान घरावर! बसण्याची जागा वेगळी आणि लहर पकडण्याची जागा वेगळी, हें त्या पिढीला न शिकवितां ठाऊक होतें. पुढें ट्रान्झिस्टर आले, कान यंत्राच्या पोटांत गेला, आणि ही जाण घरांतून नाहींशी झाली. वायफायची पेटी दूरदर्शनच्या मागें किंवा कपाटांत दडवून ठेवणारीं घरें म्हणजे त्या विस्मृतीचा पुरावाच होय.

घरगुती लहरींचा खरा जन्म बेटांवर झाला. १९७१ सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं निरनिराळ्या बेटांवरील यंत्रें बिनतारी पद्धतीनें मुख्य संगणकाशीं जोडलीं. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर दोघांनींही थोडें थांबावें व पुन्हां पाठवावें, असा त्यांचा साधा नियम. १९८५ मध्यें अमेरिकेनें भट्ट्या, औषधोपचाराचीं यंत्रें वगैरेंसाठीं राखलेले कांहीं पट्टे अशा दळणवळणास विनापरवाना मोकळे केले. १९९७ मध्यें त्याचें पहिलें प्रमाण ठरलें आणि १९९९ मध्यें ‘वायफाय’ हें नांव पडलें. हिंदुस्थानांत १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र बाळगण्यासही परवाना लागे. साडेबारा सेंटिमीटरचा पट्टा जानेवारी २००५ मध्यें येथें सर्वांस विनापरवाना खुला झाला, पण शक्तीची मर्यादा घालूनच. सर्वांच्या चावडीवर कोणीं किती मोठ्यानें बोलावें याला बंधन नको काय?

याच कारणानें जोराच्या पेटीची आशा फोल ठरते. शिवाय संभाषण दुहेरी आहे. पेटीचा आवाज वाढविला तरी आंतल्या खोलींतील मोबाइलचा क्षीण आवाज त्याच भिंतींतून परत यावयाचा असतो. पेटी ओरडते, मोबाइल कुजबुजतो, आणि पडद्यावर पूर्ण रेघा दिसत असूनही धडा पुढें सरकत नाहीं.

म्हणून पहिला उपाय जागेचा, आणि तो फुकटचा. जुन्या वाड्याचा चौक हा लहरींचाही चौक आहे. पेटी ढाळजेच्या कोपऱ्यांतून काढून चौकाकडे तोंड असलेल्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याहून उंच ठेवली, तर दोन-तीन जाड भिंतींऐवजीं उघड्या दारा-झरोक्यांतून लहरीला वाट मिळते. ज्या घरांत माळवद जाऊन स्लॅब आला व वर मजला चढला, तेथें सळयांच्या जाळींतून वर चढण्यापेक्षां जिन्याचा मोकळा मार्ग तिला सोपा पडतो.

दुसरा उपाय डाकचौकीचा. पूर्वीं हरकारा थैली पुढील चौकीवर देई व दुसरा ताज्या दमाचा गडी ती घेऊन धांवे. लहर ऐकून पुन्हां पाठविणारी छोटी पेटी हेंच करते. पण ती लोक नेमकी त्या मुक्या खोलींतच नेऊन ठेवतात. जेथें डाक येतच नाहीं तेथें चौकी घालून काय उपयोग? तिची जागा अर्ध्या वाटेवर, जेथें लहर अजून धडधाकट आहे तेथें, म्हणजे बहुधा माजघराच्या दाराशीं. तरीही एक खोट राहतेच. एकाच पट्ट्यावर ऐकणें व सांगणें दोन्ही करावयाचें असल्यानें तिचा जवळजवळ अर्धा वेळ घेण्यांत व अर्धा देण्यांत जातो.

तिसरा उपाय ऐकून बिनतारीच्या भक्तांना हंसूं येईल, कारण तो तारेचा आहे. १९७३ मध्यें अमेरिकेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं अब्रॅमसन यांच्या त्या बेटांवरील नियमावरूनच तारेवरील ‘इथरनेट’ रचलें. बिनतारीनें तारेला शिकविलें तें असें. दोन-तीन फूट मातीपुढें जी लहर हरते, तिला बोटभर छिद्रांतून ओवलेली तार सहज पलीकडे नेते. वडवणीच्या जुन्या घरांत तुळईच्या कडेनें, विजेच्या तारेपासून थोडें अंतर राखून, ती आंतल्या खोलीपर्यंत न्यावी. तेथें दुसरी पेटी लावून तिला पहिलीचेंच नांव द्यावें व पट्ट्यांतील निराळी वाहिनी नेमावी, म्हणजे दोघी एकमेकींच्या बोलण्यांत बोलत नाहींत. उंदरांचा उपद्रव असेल तर तार नळींतून घ्यावी. भिंतीचें भोंक पांढऱ्या मातीनें लिंपून टाकलें कीं आंतला गारवाही जात नाहीं, आणि खोलीचें दार लावून घेऊन धडा ऐकतां येतो.