पोट मऊ आहे

दारव्ह्यातल्या एका दवाखान्यातलं तपासणीचं लाकडी टेबल मला अजून आठवतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आजीला घेऊन आईबरोबर गेले होते. डॉक्टरांनी आजीला गुडघे मुडपून झोपायला लावलं, हात चोळून गरम केले आणि बेंबीच्या वर, बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली दाबलं. "हां, इथंच," आजी म्हणाली. "पोट मऊ आहे. पित्त वाढलंय," डॉक्टर म्हणाले. गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

पुढे जे झालं ते सांगतेच, पण आधी थोडा इतिहास.

जठराची सूज हा तपासणाऱ्याला मोठा फसवा आजार. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात अम्लपित्ताची लक्षणं आहेत: अपचन, मळमळ, आंबट-कडू ढेकर, छाती-घशात जळजळ, अन्नावरची वासना उडणं. नीट पाहिलं तर ही सगळी रोग्यानं सांगायची लक्षणं. हाताला लागणारं काहीच नाही!

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ब्रूसे या डॉक्टरनं तर बहुतेक रोगांचं मूळ जठर-आतड्यांच्या सुजेतच आहे असं ठरवून टाकलं, आणि रोग्यांच्या पोटावर जळवा लावल्या. १८३३ साली फ्रान्सनं चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या म्हणे!

त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरचं पुस्तक आलं. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचे छर्रे लागले. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक तसंच राहिलं. त्यातून बोमाँट आत डोकावत असे. भरपूर दारू झाली की आतलं अस्तर लालभडक, जागोजागी सोललेलं दिसे. आणि सेंट मार्टिनची तेव्हा फारशी तक्रारच नसे! आत इतका बिघाड असून माणूस हिंडतो-फिरतो, हे बोमाँटनं लिहून ठेवलं.

१९३२ साली शिंडलरनं थोडी वाकणारी दुर्बीण आणली, १९५७ साली हिर्शोविट्झनं काचतंतूंची. तेव्हा कुठे डॉक्टरांना जिवंत माणसाचं जठर आतून सहज पाहता येऊ लागलं.

मग पोट दाबायचं कशाला? जठराची सूज शोधायला नाहीच. तिच्यात फार तर वरच्या भागात थोडं दुखतं, बरेचदा तेही नाही. हात शोधतो ते दुसरंच. पोट फळीसारखं कडक तर नाही? उजव्या बरगडीखाली दुखतंय का? डोळे पिवळे आहेत का? नाडी जलद आहे का? आणि खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला रंग कसा आहे?

आजीची पापणी त्या दिवशी कुणी ओढली नाही. दोन महिन्यांनी ती अंगणात चक्कर येऊन पडली. यवतमाळला नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली केली. आत पांढरंफटक. "शौचाला काळं होतं का हो आजी?" "होतं ना, डांबरावाणी. पण हे कोणाला सांगाचं?" गुडघ्यांसाठी रोज उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेत होती, हेही तेव्हाच कळलं. दुर्बिणीतून दिसलं ते अस्तर सुजलेलं आणि खरचटल्यासारखं, थेंब थेंब रक्त गळणारं.

रक्त चढवलं, ती गोळी बंद झाली, आजी बरी झाली. नंतर पुष्कळ वर्षं जगली.

दारव्ह्याच्या डॉक्टरांचं बोलणं खोटं नव्हतं. पोट मऊच होतं. आम्ही 'पित्त' हा शब्द ऐकला आणि पुढचं विचारायचं थांबलो. डॉक्टरही थांबले.

असो. आता घरात कुणी पित्त झालं म्हटलं, की मी आधी त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढते. सगळे हसतात. हसू देत.