कुलवृक्षाचे प्रारूप आणि बहुभाषिक वाङ्मयाचा इतिहास

विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. १८५६ साली रॉबर्ट कॉल्डवेल यांचे द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध झाले. याच सुमारास जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगुस्ट श्लायखर यांनी भाषासंबंधांना कुलवृक्षाचे रूप दिले. वृक्षाची फांदी एकदा फुटली की दुसरीला पुन्हा मिळत नाही. ध्वनिपरिवर्तनाचे नियम शोधण्यासाठी हे गृहीत अत्यंत उपयुक्त ठरले; मात्र भाषासंपर्काला त्यात जागा उरली नाही. श्लायखर यांचेच शिष्य योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये तरंगसिद्धान्त मांडून ही उणीव दाखवून दिली.

भारताच्या संदर्भात ही उणीव अधिक ठळक होते. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचे प्रतिपादन केले. मराठीतील 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद द्राविड भाषांशी नाते सांगतो. सांगलीजवळच्या कुपवाड गावातील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींचा जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी अभ्यास केला. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, या बोलींचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना जवळजवळ एकरूप झाली.

वाङ्मयेतिहासाने मात्र वृक्षाचेच विभाजन पायाभूत मानले. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांचे 'पंचभाषाविलास' हे नाटक संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत रचलेले आहे. कुलवृक्षानुसार त्याच्या भाषा दोन कुलांत विभागतात. दरबारातील श्रोत्यांपुढे मात्र ते एकच नाटक होते. भाषावार इतिहास त्यातील आपापला अंश उचलतो. त्यामुळे भाषांच्या परस्परसान्निध्यातून निर्माण होणारा नाट्यार्थ, म्हणजे या कृतीचे मर्मच, कोणत्याही एका इतिहासाच्या कक्षेत येत नाही.

यावरून कुलवृक्ष त्याज्य ठरत नाही. भाषा कोठून आली, या प्रश्नाचे उत्तर तो देतो. ती कोणासोबत नांदली, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. पहिल्या प्रश्नासाठी घडवलेले साधन दुसऱ्यासाठी वापरले गेले, की पुरावा प्रारूपात बसत नाही म्हणून अपवाद ठरतो. तौलनिक साहित्याभ्यासाला असे अपवाद हीच मुख्य सामग्री मानावी लागेल.