पाषाणची सच्छिद्र जाळी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत नव्या पदार्थाला पहिला प्रश्न असतो, ‘टिकेल का?’ या पट्ट्याच्या शेजारीच, पुण्यातील पाषाणला, याच प्रश्नाने रसायनशास्त्राच्या एका नव्या शाखेला वळण दिले.

२००५ साली अमेरिकेत ओमर याघी आणि सहकाऱ्यांनी कार्बन, बोरॉन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंची, धातूविरहित स्फटिकी जाळी विणली. तिच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मावत होता. वायू साठवायला, गाळायला याहून चांगले काय? पण पाणी लागले की ही जाळी मोडे.

दोष घडणीतच होता. स्फटिक नीट जुळायचा तर चुकीचा टाका उसवून पुन्हा घालता यायला हवा. म्हणजे रेणूंमधला बंध उलट फिरणारा हवा. पण असा बंध पाणीही उसवते. उलट, बंध पहिल्यापासून पक्का असेल तर चुका तशाच राहतात आणि हाती आकारहीन भुकटी येते.

१९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ साली यातून वाट काढली. बॅनर्जी पूर्वी याघींच्याच प्रयोगशाळेत होते. त्यांच्या गटाने काम दोन टप्प्यांत केले. आधी ॲल्डिहाइड आणि अमाइन यांचा उलट फिरणारा बंध. त्यात स्फटिक जुळतो. मग ऑक्सिजनवरचा हायड्रोजन नायट्रोजनकडे सरकतो आणि परतीची वाट बंद होते. अणू जवळपास जागीच राहतात, म्हणून स्फटिक मोडत नाही.

पुरावा क्ष-किरणांनी दिला. उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवल्यावरही आलेखातली शिखरे जागेवर होती. दुसऱ्या, मिथिल गट जोडलेल्या जाळीने तीव्र अल्कलीही सोसली.

या जाळीसाठी बंद नळीत १२० अंश सेल्सिअसला तीन दिवस लागत. २०१३ साली याच गटाने साध्या खलात, द्रावकाशिवाय, घटक खलले. पिवळी भुकटी नारिंगी, मग गडद लाल झाली. स्फटिकीपणा थोडा उणा होता, पण जाळी तीच होती.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याघींना इतर दोघांसह मिळाले, ते धातू असलेल्या भगिनी जाळ्यांसाठी. शोधाचा इतिहास पहिल्या विणकराचे नाव लक्षात ठेवतो, ते योग्यच. पण वीण पाण्यात टिकवणाऱ्यांचे नावही त्यात हवे. कारखान्याच्या दारापर्यंत पोचायचे तर पदार्थाला आधी तीच परीक्षा द्यावी लागते.