मराठी ख्रिस्ती परंपरेतील अविवाहित जीवन



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा कित्येकांना तो दूरचा, वसई-गोव्याकडच्या मठांतला वाटला असेल. वस्तुतः तो आपल्या जिल्ह्याच्या वेशीतलाच आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथे १६०८ साली जन्मलेला ठोसरांचा नारायण बोहल्यावर उभा राहिला, भटजींनी 'सावधान' म्हटले आणि मुलगा खरोखरीच सावधान होऊन पळाला, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. तपशिलाचा वाद संशोधकांकडे राहू द्या. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की मराठी मनाने या पळालेल्या नवऱ्या मुलाला दोष दिला नाही. त्याला समर्थ म्हटले. बोहल्यावर उरलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मात्र कथा सांगणाऱ्यांनी फारसे विचारले नाही.

लग्नाबाहेरचा रस्ता आपल्याकडे पुरुषाला नेहमीच मोकळा होता. ब्रह्मचारी, गोसावी, बैरागी, संन्यासी अशी त्याला नावे होती, वेष होता, भिक्षा मागण्याचा अधिकार होता. स्त्रीचे काय? तेराव्या शतकातली मुक्ताबाई अविवाहित राहिली, पण ती अल्पायुषी ठरली आणि तिच्यासारखी तीच. त्याच काळात महानुभाव पंथाने मराठवाड्यात स्त्रियांना संन्यास दिला, ही मोठीच गोष्ट होय. तरी या वाटेवरच्या ज्या स्त्रिया आपल्याला नावाने ठाऊक आहेत त्यांत विधवांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. महदाइसा बालविधवा, रामदासांची शिष्या वेणाबाई, तीही बालविधवा. आणि योगायोग असा, की महदाइसेने रचले ते रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे', आणि वेणाबाईंनी लिहिले ते 'सीतास्वयंवर'. ज्यांचा स्वतःचा संसार मांडण्याआधीच मोडला त्या दोघींनी देवाचे लग्न लावले. यावर कोणी मानसशास्त्राचा ग्रंथ लिहू शकेल. मी पुढे जातो.

थोडक्यात, एकटी राहणारी स्त्री आपल्या समाजाला ठाऊक होती, पण ती बहुधा नशिबाने एकटी झालेली होती. निवडीने एकटी राहिलेली, आणि तरीही जिला घर, काम आणि पत्ता आहे अशी स्त्री एक सामाजिक वर्ग म्हणून एकोणिसाव्या शतकात दिसू लागली. आणि तिच्या येण्यात ख्रिस्ती धर्माचा वाटा मोठा आहे. मात्र तो वाटा वाटतो तितका सरळ नाही.

ख्रिस्ती धर्मातच या प्रश्नावर दोन मते फार जुनी आहेत. येशू अविवाहित होता; पौलही एकटाच राहिला. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अविवाहित राहण्याची शिफारस करतो, पण ती आज्ञा नव्हे, केवळ आपला सल्ला आहे, आणि प्रत्येकाला मिळालेले दान निराळे असते, हेही तेथेच बजावतो. या सल्ल्याचे रोमन कॅथलिक पंथाने व्रत केले. पाद्री आणि जोगिणी अविवाहितच राहणार, हा तेथे नियम झाला. 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर स्टीफन्स हे अशाच व्रतस्थ येशूसंघाचे. वसईत जन्मून १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रूसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया हेही फ्रान्सिस्कन व्रतस्थच. उलट १५२५ साली मार्टिन लूथरने मठ सोडून आलेल्या एका जोगिणीशी विवाह केला, आणि प्रॉटेस्टंट पंथाने मठ बंद करून पाद्र्याचे घर, त्याची बायको आणि मुले यांनाच आदर्श ठरवले.

मराठी मुलखात ब्रिटिश अमदानीत जी मिशने आली त्यांतली बहुतेक या दुसऱ्या मताची होती. आपल्या जालन्याचे उदाहरण घ्या. येथे मिशन उभारणारा पुरुष परदेशी नव्हता. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण, मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, वडिलांनी कोर्टात जाऊन परत मिळवले, आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात केवढे रण माजले, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू कशी उचलून धरली, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. हेच नारायणराव पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री म्हणून जालन्यास आले. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होते आणि येथे पलटणीची छावणी होती. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी त्यांना जमीन दिली, आणि तीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचे घर. मांग आणि महार समाजांतून आलेली, गावकुसाबाहेर राहिलेली माणसे तेथे आपल्या हक्काच्या अंगणात आली.

या गावात अविवाहित राहण्याला किती जागा होती? माझ्या मते फारच थोडी. बेथेल हे कुटुंबांचे गाव होते, आणि तसे ते असणे भागच होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घराचा उंबरठाच नीट लाभला नव्हता त्यांना संसार सोडा असे सांगणे ही क्रूर थट्टा झाली असती. त्यांच्या दृष्टीने नीट लागलेले लग्न, चर्चच्या वहीत लिहिलेले नाव आणि शाळेत जाणारी मुले हीच मुक्तीची खूण होती. जांबच्या नारायणाने घर सोडून जे मिळवले ते बेथेलच्या नारायणाने माणसांना घर देऊन मिळवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि तरीही या कुटुंबवत्सल मिशनांनाच अविवाहित स्त्रिया आणाव्या लागल्या. कारण अगदी व्यावहारिक होते. पाद्री ओसरीवर बसून वाद घालू शकत असे, पण माजघरात त्याला प्रवेश नव्हता. त्याच्या पत्नीला होता, पण ती बाळंतपणात आणि मुलाबाळांत गुंतलेली. तेव्हा माजघरात जाईल, मुलींची शाळा चालवील आणि जिला मागे ओढणारे कोणी नाही अशी बाई हवी होती. १८२७ साली अमेरिकन मिशनने सिंथिया फरार या अविवाहित बाईंना मुंबईस पाठवले. अविवाहित स्त्रीला एकटीने परदेशी धाडणे ही त्या मिशनच्या दृष्टीने नवलाईची गोष्ट होती. त्यांनी आधी मुंबईस आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ साली नगरलाच त्यांचा अंत झाला. त्यांची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासह पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात एका लग्न न केलेल्या बाईच्या पस्तीस वर्षांच्या चिकाटीचा हा धागा आहे, आणि तो आपण पुरेसा मोजत नाही.

फरारबाईंच्या मागून अशा अनेक आल्या. युरोपातही वारे बदलत होते. जर्मनीतील काइझर्सवर्थ येथे १८३६ साली पास्टर फ्लीडनर यांनी अविवाहित स्त्रियांना शुश्रूषा शिकवणारी संस्था काढली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथेच शिकल्या. म्हणजे लूथरच्या अनुयायांनी पुढच्या दाराने घालवून दिलेली जोगीण परिचारिकेच्या वेषात मागच्या दाराने परत आली! फरक एवढाच की आता तिच्यावर आजन्म शपथेचे बंधन नव्हते. तिला काम सोडून लग्न करता येत असे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच धर्माने काही माणसांवर न मागितलेला एकटेपणाही आणला. पुरुष ख्रिस्ती झाला की त्याच्या पत्नीला तिच्या माहेरची माणसे घेऊन जात. तो जिवंत असून ती विधवेसारखी, आणि तोही घर असून बेघर. या पेचासाठी सरकारला १८६६ साली कायदा करावा लागला. धर्मांतरामुळे सोडून गेलेल्या जोडीदाराला कोर्टाने विचारावे, नकार मिळाला तर विचारासाठी एक वर्षाची मुदत द्यावी, आणि तरीही नकारच असेल तर विवाह मोडावा, असा त्याचा आशय. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई दूर राहिल्या. टिळकांनी तो कायद्याचा मार्ग धरला नाही, ते थांबले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या वर्षांचे दुःख आणि त्यातला विनोद दोन्ही मी सांगायला नकोत. पण सर्वच घरांत टिळकांचा धीर आणि लक्ष्मीबाईंची बुद्धी नव्हती.

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. विधवेचे एकटेपण आणि निवडलेले एकटेपण यांतील भेद ज्या मराठी स्त्रीने आपल्या आयुष्यात उलगडून दाखवला ती पंडिता रमाबाई. १८८२ साली पती वारले तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर तान्ही मनोरमा होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथे त्या ज्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहत होत्या त्या अँग्लिकन जोगिणी. याच संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौदावर काम करीत. पण रमाबाईंनी त्यांचे व्रत घेतले नाही, आणि पुन्हा लग्नही केले नाही. त्या कोणाच्याच आज्ञेत बसल्या नाहीत. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदासदन उघडले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्या आपल्या आनंदीबाई, बाया कर्वे. हे मी मुद्दाम सांगतो. रमाबाईंच्या घरात अविवाहित राहणे ही अट नव्हती. लग्न करायचे तर करा, नाही तर शिका आणि आपल्या पायांवर उभ्या राहा. १८९६ नंतरच्या दुष्काळांत केडगावच्या मुक्तीमिशनात मुलींची आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली, तेव्हाही कित्येकींची लग्ने झाली, कित्येकी आयुष्यभर काम करीत राहिल्या. पौलाचा सल्ला हा सल्लाच राहिला, त्याची बेडी झाली नाही.

रमाबाईंच्या सहकारी सुंदराबाई पवार यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. त्या अविवाहित राहिल्या, शारदासदनात राबल्या, पुण्यात स्त्रियांना प्रशिक्षण देणारी स्वतःची संस्था चालवली, आणि अफूच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडात जाऊन भाषणे केली. पती नाही, मुलगा नाही, तरी सरकारच्या व्यापारी धोरणाला परक्या देशात जाब विचारणारी ही मराठी बाई शंभर वर्षांपूर्वीची आहे.

काशीस स्थायिक झालेल्या गोरे घराण्यातील नीळकंठशास्त्री १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले. पत्नी कन्येच्या जन्मानंतर लवकरच गेली. त्यांनी पुन्हा संसार केला नाही. काउली येथील व्रतस्थ संघाशी ते जोडलेले राहिले, पण अखेरचे व्रत काही त्यांच्याकडून घेतले गेले नाही. हा शास्त्री शेवटपर्यंत स्वतःच्या पात्रतेविषयी शंका घेत राहिला, आणि मला तो म्हणूनच आवडतो. त्यांची कन्या एलन लक्ष्मी गोरे परक्या कुटुंबात वाढली, इंग्लंडात शिकली, अविवाहित राहिली, इंग्रजीत भक्तिगीते लिहिली आणि १८९७ साली डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका झाली. मुलगी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आसपास जगून १९३७ साली वारली. वडिलांना जे व्रत पेलवेल असे वाटले नाही ते मुलीने वेगळ्या नावाने सहज पेलले.

मनोरमाबाईंविषयी मात्र मला असे सहज म्हणवत नाही. त्या अविवाहित राहिल्या हे खरे. पण ती निवड होती की आईच्या कामाने निवडीला जागाच ठेवली नाही? लहानपणी त्यांच्या संगोपनावरून आई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्यात पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. मोठेपणी त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, शारदासदन सांभाळले, आणि १९१२ साली निजामाच्याच राज्यात, गुलबर्ग्यास, निघालेल्या ख्रिस्ती शाळेचा भार उचलला. १९२१ च्या जुलैत, चाळिशीत, त्या गेल्या. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या. सेवेच्या नावाखाली एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्यात विरघळते, त्याला आपण त्याग म्हणतो. तो त्याग असेलही. पण ज्या मुलीला आईने सर्व जगापुढे स्वतंत्र होण्यास शिकवले तिला आईपासून स्वतंत्र होण्याची संधी मिळाली का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

अशा स्त्रियांच्या पदरी काय पडले याचाही हिशेब ठेवला पाहिजे. मिशनच्या अविवाहित गोऱ्या बाईला बंगला होता, रजेवर मायदेशी जाणे होते. तिच्याबरोबर माजघरांतून हिंडणारी देशी बायबलबाई, बहुधा विधवा, तुटपुंज्या पगारावर राबे, आणि म्हातारपणी भावाच्या दारात जाई. ख्रिस्ती मंडळीतदेखील लग्न न झालेल्या मुलीकडे पाहण्याची नजर शेजारच्या हिंदू वाड्यातल्या नजरेहून फार वेगळी नव्हती. श्रद्धेने दार उघडले हे खरे. उंबरठ्यावर टोचणारे खिळे तसेच राहिले.

जालन्याच्या मिशनने शाळांबरोबर इस्पितळही चालवले. १९२९ साली स्कॉटलंडमधली चर्चे एक झाली, १९४८ साली निजामाची राजवट गेली, १९७० साली नागपुरात उत्तर भारत चर्च स्थापन झाले, १९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला. या सर्व उलथापालथीत एक शब्द मात्र आपल्या तोंडी पक्का बसला. आपल्याकडच्या कोणत्याही दवाखान्यात, धर्म कोणताही असो, रात्री वेदना वाढल्या की खाटेवरचा माणूस हाक मारतो ती 'सिस्टर' अशी. हा शब्द जोगिणींच्या मठातून निघाला, शुश्रूषा करणाऱ्या अविवाहित बायांना लागला, आणि तेथून सरकारी रुग्णालयात आला. आज हाकेला ओ देणारी बाई दोन मुलांची आई असेल, हळदीकुंकू आटोपून पाळीवर आली असेल. रोग्याला ते ठाऊक नसते, आणि त्या घटकेला त्याला विचारायचेही नसते.